रेडिओ स्टेशन न घेतलेली पलटण

आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या या माणसाने पेन्शनमधून मला इंजिनीअर केलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. २००५ साली ते अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा पलटणीची गडद हिरवी टोपी बॅगेत सगळ्यात वर ठेवून आणली होती.

आमच्या लेकीला शेजारच्या अपार्टमेंटमधल्या मावशी सांभाळायच्या. पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशातून त्या आपल्या मुलीकडे आलेल्या. बायकोला नुकतीच नोकरी लागली होती आणि लेक मावशींशिवाय कुणाकडे राहत नसे.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी आबा दरवर्षीसारखे तयार झाले. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं, डोक्यावर टोपी. मावशींनी येऊन लेकीला उचललं, तेवढ्यात आबा खोलीतून बाहेर आले आणि नातीला हसवायला टाच आपटून कडक सॅल्यूट ठोकला.

मावशी भिंतीकडे वळल्या. लेकीला छातीशी धरून, पाठ आमच्याकडे करून तशाच उभ्या राहिल्या. मग तिला हळूच खाली ठेवून निघून गेल्या. दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला, आई यापुढे येणार नाही.

"यार, डे-केअरला वेटिंग लिस्ट आहे, मी जॉब सोडू का आता?" बायको रडवेली झाली.

"मी काय वाघ हाय व्हय?" आबा म्हणाले. पण टोपी काढून पिशवीत ठेवली आणि मला म्हणाले, "चल, इचारू तरी."

मावशींनी आम्हाला बसवलं. त्या इंग्रजीत सांगत होत्या, मी आबांना मराठीत. त्यांच्याकडे पहाटे रेडिओवर बातम्यांऐवजी बँड वाजू लागला की लोक दारं लावून घेत. मग रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलेला कुणी लष्करी अधिकारी सांगे, सरकार बरखास्त, घराबाहेर पडू नका, निवडणुका लवकरच. अधिकारी बदलत, भाषण तेच. अशाच एका पहाटेनंतर शाळामास्तर असलेल्या त्यांच्या नवऱ्याला टोपीवाले सैनिक 'दोन प्रश्न विचारायचेत' म्हणून घेऊन गेले. तो परत आला नाही.

आबांनी टोपीची पिशवी पायामागे सरकवली. मग मावशींनीच आबांना विचारलं, "पापा, तुमच्या पलटणीने रेडिओ स्टेशन किती वेळा घेतलं?"

"रेडिओ स्टेशन? कशाला, गाणी ऐकायला व्हय?" आबा हसले, आणि माझा चेहरा बघून थांबले. "एकदाबी न्हाई."

"पण बंदुका तर तुमच्याकडेच होत्या."

"संध्याकाळी मोजून कोठीत जमा करायच्या, बाई. सरकार पडल्यालं आमाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं. चुका आमच्याबी झाल्या आसतील. पर हे काम आमचं न्हवं."

"आणि नवीन सरकार?"

"त्येला सॅल्यूट. जुनं घरी."

मावशींनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं आणि सांगताना मीच ते पहिल्यांदा ऐकलं. शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात मी लोकशाहीची वैशिष्ट्यं घोकून लिहिली होती, पण लाखो माणसं रोज संध्याकाळी बंदूक जमा करून जेवायला जातात, हे त्यात कधी लिहिलं नव्हतं. त्यांतला एक माझा बाप होता. दोन खोल्यांच्या घरात मी त्यांच्याजवळ झोपलो, त्यांच्या पेन्शनवर शिकलो, आणि ते इतकं मोठं काही करत होते हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

"टोपी दाखवा," मावशी म्हणाल्या.

आबांनी पिशवीतून काढून दोन्ही हातांनी दिली. मावशींनी ती उलटी केली. आत घामाचा जुना डाग होता, शाईने लिहिलेला आबांचा नंबर होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"इतकी वर्षं बाहेरूनच पाहिली," त्या म्हणाल्या. "आतून पहिल्यांदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. आबा पायजम्यात, बोडक्या डोक्याने उघडायला गेले. मावशींनी आत येऊन दाराजवळच्या खुंटीकडे पाहिलं. टोपी तिथे टांगलेली होती. त्यांनी तिच्या शेजारी आपली पर्स अडकवली आणि लेकीला कडेवर घेतलं.