तण म्हणजे कोण?

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, जन्मापासून ऐकू येत नाही. सभेला गेलो की मी तिच्याकडे वळून बसतो आणि व्यासपीठावरचं भाषण तिला हातांनी सांगतो.

परवा मैदानावर साहेब गरजले, "शेतात तण माजलंय. यंदा ते मुळासकट उपटायचं!" मी हातांनी शेत दाखवलं, तण दाखवलं, मूठ आवळून उपटून दाखवलं. भोवती टाळ्यांचा कडकडाट झाला. सुमीने मात्र भुवया उंचावून खुणेने विचारलं, "तण म्हणजे कोण?"

एवढ्या गर्दीत हा प्रश्न फक्त तिला पडला होता. बाकी सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं, मलासुद्धा. साहेबांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. उद्या कुणी जाब विचारलाच, तर ते खुशाल म्हणतील, मी शेतीबद्दल बोलत होतो. नाव ते गाळतात आणि आपण ते मनातल्या मनात भरतो. म्हणून तर ते भाषण आपल्याच मनातलं वाटतं.

सुमीच्या भाषेत ही सोय नाही. समोरचा माणूस दाखवायचा तर त्याच्याकडे बोट करावं लागतं.

दोन रांगा पुढे आमच्या गल्लीतले रफीकभाई बसले होते. सुमीच्या लग्नात पंगतीला आग्रह करकरून जिलबी वाढणारे.

सुमी माझ्या हातांकडे बघत थांबली होती. मी हात मांडीखाली दाबून धरले. पुढे रफीकभाईही टाळ्या वाजवत होते. आजूबाजूला बघत, इतरांच्या आधी आपण थांबणार नाही एवढं सांभाळत.