कँडल बदलली का?

पाण्याच्या फिल्टरचे कुणी किस्से सांगतं का? आधी मलाही हसू यायचं. पण आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत दुपारी चार बायका जिन्यात उभ्या राहिल्या आणि एकीने "आमच्या फिल्टरचं ना काल..." म्हणून सुरुवात केली, की उरलेल्या तिघींकडे एकेक तयारच असतो. नळ येण्याची वेळ होईपर्यंत कुणी हलत नाही. माझ्याकडे सगळ्यांत जास्त साठलेत, कारण सगळ्यांत जास्त भांडणं मीच केली आहेत!

ज्यांच्याकडे आता भिंतीवर विजेचं मशीन आलंय त्यांच्यासाठी सांगते. फिल्टर म्हणजे स्टीलचे एकावर एक दोन डबे. वरच्यात पाणी ओतायचं, ते पांढऱ्या चिनीमातीच्या कँडलमधून थेंब थेंब खालच्या डब्यात उतरायचं आणि खालच्याला तोटी. बस्स, एवढंच यंत्र. पण त्या एवढ्याशा यंत्राला माणसांनी काय काय करून ठेवलंय!

आणि मी मायक्रोबायोलॉजीची पदवीधर. नोकरी काही केली नाही. त्या पदवीचा आता उपयोग इतकाच, की बाकीच्या आया नुसत्या घाबरतात आणि मी जंतूंची नावं घेऊन घाबरते.

*

सुरुवात झाली ती सईच्या पोटापासून. माझी लेक तेव्हा अडीच वर्षांची. पोट बिघडलं, बरं झालं, पुन्हा बिघडलं. गुबगुबीत पोरगी, पण गाल पार बसले. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि माझ्याकडे वळले.

"पाणी कुठलं देता?"

"फिल्टरचं!" मी ताठ मानेने.

"कँडल कधी बदलली?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

फिल्टर आमच्या लग्नातला, मामाने दिलेला आहेर. सासूबाई दर शनिवारी कँडल काढून काथ्याने घासायच्या. इतक्या मनापासून, की मुळात राजेळी केळ्याएवढी असलेली कँडल वेलची केळ्याएवढी झाली होती. घरी येऊन मी म्हटलं, "आई, ही बदलायला हवी."

"का बरं? बघ की किती झिजलीय! काम करते म्हणूनच झिजली ना?" सासूबाईंनी तिच्यावरून मायेने हात फिरवला. "ती नवीन आणशील, तिला काय अनुभव?"

*

तरी आणायला गेले. थेट भांडी बाजारात. दुकानदार गादीवर रेलून बसलेला. मी कँडल मागितली तर म्हणाला, "कुठल्या मापाची?"

"म्हणजे? फिल्टरची."

"ताई, फिल्टरचीच देणार. दिव्याची थोडीच देतो? दांडी जाड का बारीक?"

दांडीकडे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहून एक काढून दिली. "ही सगळ्यांना बसते."

आमच्या फिल्टरला बसली नाही! दांडी भोकात शिरेचना. दुसऱ्या दिवशी सईला कडेवर घेऊन सिटी बसने पुन्हा भांडी बाजार.

"वापरलेला माल परत नाही," त्याने लांबूनच सांगितलं.

"वापरली कुठे? बसलीच नाही!"

"बसवून पाहिली ना?"

"मग? पाहायला नको?"

"बसवून पाहिली म्हणजे वापरलीच की, ताई!"

बाजूच्या गिऱ्हाइकाने मान डोलावली. दुकानदाराच्या बाजूने! मी इतकी चिडले की तिथेच दुसरी, बारीक दांडीची विकत घेतली आणि तणतणत बाहेर पडले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की असं चिडण्याने त्याचंच भलं झालं होतं.

*

बारीक दांडीची बसली. पण खालून पाणी झिरपायला लागलं. म्हणजे कँडलमधून न जाता कडेकडेनेच खाली. रबरी वॉशर उलटा लागला असणार असं मी म्हणतेय, तोवर नवरा पाना घेऊन आला. माझा नवरा कारखान्यात आहे, सिन्नरला. घरातल्या कुठल्याही गोष्टीला त्याचं एकच औषध: आवळायचं!

"अहो, हाताने. ती चिनीमातीची आहे."

"मी रोज मशीन आवळतो," तो म्हणाला आणि आवळलं.

टक्!

कँडलवर केसाएवढी रेघ.

"बारीक आहे तडा," तो म्हणाला.

"जंतू त्याहून बारीक असतात!"

त्याने थोडा विचार केला. "असतील. पण त्यांना तो सापडायला तर हवा!"

तिसऱ्यांदा भांडी बाजारात मी गेले नाही. त्याला पाठवलं. तो दुकानदाराशी चहा पिऊन आला आणि वर मला म्हणाला, "चांगला माणूस आहे गं!"

*

घरचा फिल्टर एकदाचा मार्गी लागला, तरी सईचं पोट पूर्ण ताळ्यावर येईना. मग मला समोरच्या कुलकर्णी काकूंची आठवण झाली. सई दुपारी त्यांच्याकडे खेळते. पाणीही तिथेच पिते. पण त्यांचा फिल्टर म्हणजे कॉलनीत एक नंबर! ओट्यावर आरशासारखा चकचकीत, वर क्रोशाचा रुमाल. त्याला नावं ठेवायची माझी काय टाप?

एकदा हळदीकुंकवाला गेले तर काकू घागर उचलून फिल्टरच्या खालच्या डब्यात पाणी ओतताना दिसल्या. खालच्या!

"काकू, अहो, वरच्यात ओतायचं ना?"

"वरच्यात ओतलं तर संध्याकाळपर्यंत थेंब थेंब पडत बसतं. एवढ्या बायका आल्यात, त्यांना काय थेंब थेंब पाजू?"

"पण मग फिल्टर कशाला ठेवायचा?"

काकूंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "अगं, तोटीचं पाणी पिताना बरं वाटतं माणसाला!"

मी सईला म्हटलं, पाणी प्यायला घरी येत जा. त्यावरून काकू माझ्याशी दोन संक्रांती बोलल्या नाहीत. तिळगूळसुद्धा मुलाच्या हाती पाठवला.

*

मग सोसायटीची मीटिंग. आमचे सेक्रेटरी बोरसे साहेब, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, शिस्तीचे. विषय आला गच्चीवरच्या टाकीचा. पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी येत होतं. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं, टाकी धुतली पाहिजे, झाकण मोडलंय, मी स्वतः वर जाऊन पाहिलं, आत कबुतराची पिसं तरंगतायत.

दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, जिंकले.

"वहिनी," बोरसे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्याकडे फिल्टर आहे का?"

"आहे."

"देशमुख, तुमच्याकडे? पाटील?"

सगळ्यांकडे होता.

"मग टाकी कशाला धुवायची? प्रत्येकाने आपापल्या घरी गाळायचं ठरलंय ना!"

आणि ठराव झाला! एकमताने नव्हे, माझं मत विरुद्ध पडलं. त्याच मीटिंगमध्ये गेटला सोनेरी रंग द्यायचं मात्र पाच मिनिटांत मंजूर झालं.

पुढच्या रविवारी मी आणि माझ्या नवऱ्याने टाकी धुतली. खालून बोरसे साहेब ओरडले, "वहिनी, जरा बेताने! सगळ्यांचं पाणी गढूळ होतंय!"

*

पिसांची बातमी फुटली असावी. कारण त्याच आठवड्यात मशीन विकणारा एक टायवाला कॉलनीत उगवला. जिने चढून घामाघूम. माझ्या ओट्यावरच त्याने प्रयोग मांडला. आमच्या फिल्टरमधून ग्लासभर पाणी घेतलं, त्यात वायर लावलेल्या दोन सळया सोडल्या, बटण दाबलं. बघता बघता पाणी तपकिरी, मग शेवाळी, वर फेस. दाराशी जमलेल्या बायका "अगंबाई!" करून मागे सरकल्या.

टायवाल्याने ग्लास उंच धरला. "ताई, हे तुमचं बाळ पितं!"

आता, तो रंग पाण्यातल्या घाणीचा नव्हता, सळयांच्या लोखंडाचा होता. हे मला माहीत होतं. कॉलेजात मी त्यावर मार्क मिळवले होते! तरीसुद्धा त्या एका वाक्यासरशी मी खाली पाहिलं. सई पायाशी बसून डबे वाजवत होती. मला तिच्या बरगड्याच दिसायला लागल्या. मी नवऱ्याचं चेकबुक कुठल्या खणात आहे ते आठवायला लागले, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात टायवाल्याने रुमालाने मान पुसली. "ताई, तेवढं प्यायला पाणी द्याल? चार मजले झाले सकाळपासून."

"देते की. पण आमच्याकडे हेच आहे हो."

"चालेल, चालेल," तो म्हणाला. "फिल्टरचंच द्या मात्र. नळाचं नको, मला बाधतं!"

दोन ग्लास प्यायला.

*

सई साडेतीन वर्षांची झाली आणि बालवाडीत जायला लागली. दोन खोल्या, अंगणात घसरगुंडी, मोठ्या बाई आणि धाकट्या बाई अशा दोघी शिक्षिका, आणि सिन्नरकडच्या एक मावशी. व्हरांड्यात चार तोट्यांचा भलाथोरला फिल्टर. पहिल्याच दिवशी मी मनात म्हटलं, चला, इथली तरी काळजी नको.

पंधरवड्यात सईचं पोट पुन्हा बिघडलं. आता काय राहिलं होतं? घर झालं, काकू झाल्या, टाकी झाली. मी बालवाडीत गेले आणि मावशींना म्हटलं, "जरा झाकण काढता का?"

मावशींनी काढलं. मी आत डोकावले. तळाला चार भोकं, चारही भोकांत कापडाचे बोळे. कँडल एकही नाही!

"कँडल कुठेत?"

"हायेत की ताई. नव्याकोऱ्या हायेत. कपाटात."

"कपाटात?"

मावशी मला ऑफिसात घेऊन गेल्या. काचेच्या कपाटात स्नेहसंमेलनाच्या ढाली, एक पृथ्वीचा गोल आणि त्यांच्या पुढ्यात ओळीने चार पांढऱ्याशुभ्र कँडली. खाली मखमलीचा तुकडा!

मोठ्या बाई समजुतीने हसल्या. "त्याचं काय आहे, मुलं वरून खडे टाकतात हो. फुटल्या म्हणजे? फार नाजूक असतात. तपासणीला साहेब येतात ना, त्या दिवशी बरोबर लावतो."

"बाई, पण पाणी मुलं पितात, साहेब नाही!"

"साहेबही पितात की," धाकट्या बाई मध्येच म्हणाल्या. "गेल्या वेळी दोन ग्लास प्यायले. खूप तारीफ केली."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. पदवी काढली, जंतूंची नावं घेतली, लॅटिनसकट. मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सईच्या आई, तुम्ही फार टेन्शन घेता. त्याने मुलांची पोटं बिघडतात."

त्या रात्री मी खरोखरच विचार करत बसले, की त्यांचं बरोबर असेल का!

*

भांडून उपयोग नव्हता. जवळपास दुसरी बालवाडी नव्हती. मग मी स्वतःपुरता मार्ग काढला. सईला एक बाटली घेतली. पिवळी, झाकणावर बदक, गळ्यात अडकवायला पट्टा. सकाळी पाणी वीस मिनिटं उकळायचं, गार करायचं, फिल्टरमधून काढायचं, पातळ फडक्यातून पुन्हा गाळायचं आणि बाटली भरायची. सासूबाई म्हणायच्या, "पाण्याला एवढं छळलंस तर त्यात राहील काय?" म्हणू देत. सईला बजावून ठेवलं, "फक्त हेच प्यायचं. मोठ्या बाईंनाही तसं सांगून ठेवलंय."

आणि काय सांगू! बाटली रोज रिकामी होऊन यायला लागली. अगदी तळापर्यंत कोरडी. पोरगी एरवी दोन घोट प्यायला दहा वेळा नाचवते, ती बालवाडीत अख्खी बाटली संपवत होती! मला इतका आनंद झाला, की मी मोठी बाटली आणली. तीही रिकामी! जिन्यात सगळ्यांना सांगितलं, बघा, सवय लावली की लागते.

आणि सईचं पोट पुन्हा बिघडलं.

डॉक्टर नुसते माझ्याकडे पाहत राहिले. ते पाहणं जिव्हारी लागलं. मी घरातलं सगळं पुन्हा तपासलं. कँडल नवी, वॉशर सुलटा, पातेलं वेगळं, फडकं उकळलेलं. म्हणजे चूक माझ्याच हातून होतेय, पण कुठे? मायक्रोबायोलॉजीची पदवीधर बाई स्वतःच्या पोरीला एक बाटली पाणी धड देऊ शकत नाही!

सई बरी होऊन बालवाडीत जायला लागल्यावर एक दिवस मी न सांगता मधल्या सुट्टीत गेले. व्हरांड्यात मुलांची रांग. सई रांगेत, हातात स्टीलचा पेला, चार तोट्यांच्या फिल्टरखाली धरलेला. मी धावले, पेला हिसकावला.

"सई! तुझी बाटली कुठाय?"

तिने ऑफिसकडे बोट दाखवलं.

ऑफिसात मोठ्या बाई आणि धाकट्या बाई डबा खायला बसल्या होत्या. मध्ये टेबलावर माझी पिवळी बाटली. बदकाचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं. मोठ्या बाई आपल्या ग्लासात शेवटचा थेंब निथळवत होत्या.

मला पाहून त्यांचा चेहरा अगदी खुलला.

"या या, सईच्या आई! आत्ता तुमचीच आठवण काढत होतो. काय सुंदर पाणी पाठवता हो! उकळून, गाळून ना? बाटलीही मोठी केलीत, फार बरं झालं. आम्हा दोघींना इथलं पाणी मुळीच सोसत नाही!"