दिसतंय, पन कलत नाय

"आदी बग, मंग बोल!" घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकासमोर फळीवर पापलेट आपटून ती म्हणायची. पनवेलच्या मासळी बाजाराला लागूनच माझं चष्म्याचं दुकान. तिचा आवाज थेट काउंटरपर्यंत यायचा. उरणकडची कोळीण, महारागीट. तिच्या मासळीला कुणी नाक मुरडलेलं तिला खपायचं नाही. तुम्हालाही ती आवडली असती.

मग तिला अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सुधारले, ती परत जागेवर बसली. पण कुणी सुरमई मागितली की बांगडा उचलायची. मुलगा तिला माझ्याकडे घेऊन आला. "नंबर वाढलाय हिचा."

नंबर वाढलाच नव्हता. तक्त्यावरची बारीकातली बारीक खूण कुठे तोंड करून आहे, ते तिने बरोबर सांगितलं. मी किल्ल्यांचा जुडगा समोर धरला.

"चकचकीत हाय. लांबट. दात हायत."

"पण मावशी, आहे काय?"

ती बघतच राहिली. "दिसतंय रं, पन कलत नाय."

माझा हात हलला, जुडगा वाजला. "किल्ल्या!" ती ओरडली, आणि ढसाढसा रडली.

मोठ्या डॉक्टरांकडे मीही सोबत गेलो. ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत. पाहिलेल्या वस्तूंची आठवण मेंदूत असते. समोरचं त्या आठवणीशी जुळलं की आपण ओळखतो. यांची नजर तिथवर पोचत नाही. स्पर्श पोचतो, आवाज पोचतो. वस्तू हातात द्या, बोलत राहा.

बाहेर येऊन मुलगा म्हणाला, "नाटकं हायत सगली."

पुढच्या रविवारी भर बाजारात तो मोबाईलवर शूटिंग करत तिच्यापुढे एकेक वस्तू नाचवत होता. कंगवा. चप्पल. "आये, यो काय हाय?" माणसं हसत होती. माझी गिऱ्हाइकं, चांगली शिकलेली, पोट धरून हसत होती. त्यातल्या एकालाही मी पुन्हा दुकानाची पायरी चढू दिलेली नाही.

ती उठली. मोबाईल हिसकावून बोटांनी चाचपला. "यो मोबाईल," म्हणाली, आणि बर्फाच्या पाण्यात बुडवला. मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

त्यानंतर त्याने तिला बाजारात येऊच दिलं नाही. मी घरी गेलो, तर मागच्या खोलीत तिला टीव्हीसमोर बसवलेलं, आणि टीव्हीचा आवाज बंद! "डोक्याला ताप होतो आमच्या," सून म्हणाली. मी रिमोट शोधून आवाज मोठा केला. "बातम्या हायत व्हय!" ती खुलली. मी उंबरा ओलांडला, तोच आवाज पुन्हा बंद.

यंदा ती गेली. भेटायला गेलो, तर मुलगा गळ्यात पडला. "शेवटच्या दिशी समोरच उभा व्हतो मी. आयेनं मना ओलखलाच नाय."

मी त्याला बाजूला केलं. म्हटलं, "तू बोलला नसशील."