ज्येष्ठांच्या बाकावरचा माझा धाकटा भाऊ

माझा भाऊ मिलिंद माघातल्या एका बुधवारी सकाळी वारला. त्याचं वय एकोणचाळीस होतं. डॉक्टरांनी दाखल्यावर न्यूमोनिया असं कारण लिहिलं. मी सही केली आणि त्याला भिवंडीतल्या घरी आणलं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही चार ओळी झाल्या की मी उठते, दोन खोल्यांतून फेरी मारते, ओट्यावरचं पुसलेलं भांडं पुन्हा पुसते आणि परत येऊन बसते. शेजारच्या कारखान्यातले लूम, कापडाचे यंत्रमाग, दिवसभर खडखडतात. इतकी वर्षं तो आवाज मला ऐकू येत नव्हता, आता येतो. आणि त्या आवाजावर एकच प्रश्न फिरत राहतो: मी त्याला दार उघडून दिलं, म्हणून तो गेला का? उत्तर मिळेल म्हणून मी लिहीत नाही. पण जे झालं ते क्रमाने मांडलं तर कदाचित थोडा वेळ बसवेल.

आमचं घर बौद्ध. वडील शिक्षक होते; चमत्कार सांगायला येणाऱ्याला ते चहा पाजत आणि वाटेला लावत. मी शाळेत ग्रंथपाल आहे. कृपा हा शब्द आमच्या घरात कुणी वापरला नाही, मीही वापरत नव्हते. तरी दोनदा मला असं काही मिळालं, जे मी मागितलं नव्हतं आणि कमावलंही नव्हतं. त्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

मिलिंदला जन्मतः डाउन सिंड्रोम होता. आई गेल्यावर तो माझ्यापाशी राहिला. आळीत तो सगळ्यांचा मिलू, आणि मिलू म्हणजे लहान, हे इतकं ठरून गेलं होतं की छत्तीसाव्या वर्षीही त्याला ताप आला की मी त्याला बालरोगतज्ज्ञांकडेच नेत असे. त्यांनी त्याला जन्मापासून पाहिलेलं, भिंतीवरचे ससे त्याच्या ओळखीचे, त्यामुळे दुसरीकडे जावं हे सुचलंच नाही. त्या वर्षी त्याला पाच वेळा ताप आला. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, दात हलायला लागले होते, जिना चढताना तो मध्येच थांबायचा. शेजारच्या सुमनमावशी म्हणायच्या, "आमचं पोरगं न पिकताच पिकलं." आम्ही हसायचो. तोही हसायचा.

सहाव्या तापाच्या वेळी ते डॉक्टर गावाला गेले होते. म्हणून मी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. नंबर मिळाला सत्तेचाळीस. मी खिडकीपाशी केसपेपर काढत असताना मिलिंद सरळ जाऊन ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर बसला. अंबाडी गावाकडून आलेली एक म्हातारी लगेच म्हणाली, "ए बाय, ही म्हाताऱ्यांची लाईन हाय. उठीव तुझ्या पोराला."

"उठ मिलू," मी म्हटलं.

"न्हाय. मी इथलाच," तो म्हणाला.

"इथला कसा रं? दात तरी पडलंत का तुझं?"

मिलिंदने तोंड उघडून दाखवलं. खालचे तीन नव्हते. म्हातारी वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आगं बया, माझ्याहून दोन जास्त गेलंत." सगळा बाक हसला. मला मात्र लाज वाटली आणि मी त्याचा दंड धरून ओढू लागले.

तेव्हा बाकाच्या टोकाला बसलेले एक वृद्ध गृहस्थ बोलले. पांढरी दाढी, मांडीवर केळ्यांची पिशवी. "बैठने दो, बहनजी. ये बच्चा नहीं है."

"छत्तीस का है," मी म्हटलं.

"कागज पे होगा. मैं चालीस साल लूम का जॉबर रहा, बिगड़े लूम सुधारे. ऊपर से रंग नया हो, फिर भी कान लगाओ तो मालूम पड़ता है कि अंदर की गरारी घिस गई. इसकी साँस सुनो जरा."

"आनि तुमची गरारी?" म्हातारीने विचारलं.

"मेरी भी घिसी है, अम्मा. मगर टाइम पे घिसी."

मी पहिल्यांदा नीट ऐकलं. मिलिंदचा श्वास वरवरचा होता आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक घरघर होती. ती रात्रीपासून होती की आठवड्यापासून, मला सांगता आलं नसतं. त्या गृहस्थांनी आपला सात नंबरचा कागद माझ्या हातात ठेवला आणि आमचा सत्तेचाळीस स्वतःकडे घेतला. मी नको म्हणाले. "मुझे क्या, घुटना है. घुटना कहीं नहीं जाता," असं म्हणून त्यांनी केळं सोलायला घेतलं.

मिलिंदला त्याच दुपारी दाखल करून घेतलं. फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया पसरत होता. आणखी दोन दिवस गेले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टर बोलल्या नाहीत. ते मीच मनात बोलत राहिले. सलाइन लावल्यावर मी बाहेर आले, तर ते गृहस्थ अजून बाकावर होते, बरेच वैतागलेले. मी हात जोडले. त्यांनी मला एक केळं दिलं. नाव मी विचारलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरबाईंनी तिसऱ्या दिवशी मला समजावून सांगितलं. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, शरीराच्या पहारेकऱ्यांना ती लहानपणी तयार करते. सगळ्यांचीच ती वयानुसार आटते. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांत ती मुळात लहान असते आणि फार लवकर आटते, त्यामुळे नव्या जंतूंशी लढणारे नवे पहारेकरी कमी पडतात. "जन्मतारीख विसरा," त्या म्हणाल्या. "आजारपणाच्या बाबतीत याला घरातला वडीलधारा समजा. वडीलधाऱ्यांच्या लसी याला द्या. ताप आला तर त्याच दिवशी आणा." मग म्हणाल्या, "लसही याच्या अंगात तरुणासारखी टिकेलच असं नाही."

ते शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आले. लस पुरेल की नाही याची खात्री नाही, तर उरलेली राखण मी करायची, असं मी ठरवलं. खिडक्या लावल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवू लागले. महिन्याभरात वर्षावास सुरू झाला. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी सात वाजता ग्रंथवाचन होतं. वाचन माझ्याकडे आणि सतरंज्या अंथरणं मिलिंदकडे, असं बारा वर्षं चाललं होतं. वाचन संपलं की सगळ्यांच्या आधी तोच मोठ्याने "साधू, साधू, साधू" म्हणायचा. बंद हॉल, पन्नास माणसं, पावसाळ्यातले खोकले. त्या वर्षी आम्ही येणार नाही, असा मी निरोप धाडला.

मिलिंद भांडला नाही. रोज सात वाजता चपला घालून दारापाशी बसायचा आणि आठ वाजता काढून ठेवायचा. जेवण कमी झालं, मग बोलणं. एका संध्याकाळी मी घरीच ग्रंथ काढून पान वाचलं. संपल्यावर थांबले.

"साधू म्हण ना," मी म्हटलं.

"माणसं न्हाय. कोणाला म्हणू?"

दुसऱ्या दिवशी सुमनमावशी आल्या. मी त्यांनाही उंबऱ्यावरच थांबवलं. त्या तिथूनच म्हणाल्या, "आज सात वाजता त्याला घेऊन ये."

"मावशी, पन्नासांत दहा जणी खोकत असतात."

"त्या दहा जणी घरी बसतील."

"त्यांना सांगणार कोण?"

"सांगून झालं. नाहीतर मी काय चहाला आलेय? तो तर तू देत न्हाईस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वाचन बाहेर ओटीवर घेतलंय. वरून प्लास्टिक बांधलंय, वारा खेळता हाय. ज्याला खोकला, त्यानं घरी बसायचं. सगळ्यांनी मान्य केलंय."

"तरी लागलं तर?"

"लागलं तर लागलं. तुझ्या घरात वारा येतच न्हाय का?"

मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. उलट सगळ्यांना माझा राग आला असेल असंच मी धरून होते. मिलिंद चपला घालून बसलाच होता. मी दारातून बाजूला झाले.

त्यानंतर त्याला तीन वर्षावास मिळाले. मध्ये तीनदा ताप आला, तिन्ही वेळा आम्ही त्याच दिवशी दवाखाना गाठला. माघातही त्याच दिवशी गाठला, पण या वेळी सहा दिवसांत संपलं. कुठून लागलं ते कुणी सांगू शकलं नाही. विहारातून असेल. पण त्याच आठवड्यात माझा घसाही खवखवत होता, आणि त्याला भात कालवून मीच भरवत होते. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

लहानपणापासून मी रोज शरण जाण्याचे शब्द म्हणत आले. शरण म्हणजे सुरक्षित होणं, असा मी अर्थ धरला होता, आणि सुरक्षित ठेवण्याचं काम मात्र माझ्याच मुठीत आवळून बसले होते. त्या बाकावर मला एका अनोळखी माणसाच्या कानाने वाचवलं, आणि ओटीवर माझ्या लोकांनी. माझ्या पहाऱ्याने नाही. इतकं मला कळलं आहे. प्रश्न त्याने मिटलेला नाही. मध्ये तीन वेळा उठून मी हा परिच्छेद लिहिला. पण त्या गृहस्थांपुढे आणि ओटीवरच्या माझ्या लोकांपुढे मी मनात रोज हात जोडते, आणि तेवढा वेळ मला बसवतं.

आता घरात मी एकटी आहे. रविवारी वंदनेला जाते. विहारातला खोकल्याचा नियम मिलिंदसाठी केला होता, तो कुणी मोडलेला नाही. परवाच्या रविवारी सुमनमावशींना खोकला होता. त्या आल्या नाहीत.