मागच्या डाव्या कोपऱ्यातला ऑरिन

ऑरिन स्कॉगलुंड आमच्या तळ्यावर अकरा उन्हाळे वजन म्हणून बसला. त्याला नावं ठेवायची म्हणून हे सांगत नाही. नियमांच्या कागदावर तसंच लिहिलंय आणि तो कागद मी स्वतः लिहिलाय.

मिनेसोटापासून समुद्र हजार मैल लांब, त्यामुळे आमच्याकडे लाट बोटीनेच बनवावी लागते. बोट जड करायची आणि मागून एका बाजूला कलवायची, की तिच्या मागे कमरेएवढी लाट उभी राहते. मागे पाण्यात फळीवर उभा असलेला माणूस आधी बोटीला बांधलेला दोर धरतो, मग तो सोडून देतो आणि लाटच त्याला ढकलत नेते. बोटीत पाणी भरायच्या टाक्या असतात. त्या काठोकाठ भरल्या तरी लाटेत जरा कमी पडतं. ते जरा म्हणजे ऑरिन. तीनशे बासष्ट पौंड, सिमेंटची सव्वातीन पोती.

तो घरोघरी गॅसच्या टाक्या भरणारा ट्रक चालवायचा. लग्न केलं नाही. कुत्रा होता, तोही शेजाऱ्यांकडे जास्त रमायचा. हिवाळ्यात आठ-आठ दिवस त्याला कुणाचा फोन येत नसे. जून लागला, पाणी अंगावर घेण्याजोगं झालं, की फोन थांबत नसे. "ऑरिन, दुपारी मोकळा आहेस का?" तो नेहमीच मोकळा असे. यायचा, मागच्या डाव्या कोपऱ्यात बसायचा, मांडीवर खाऊचा डबा ठेवायचा आणि तोंड मागे, लाटेकडे करायचा. स्वतः फळीवर तो कधी उभा राहिला नाही. पण अकरा वर्षांत या तळ्यावरची प्रत्येक लाट सगळ्यात जवळून पाहिली असेल, तर ती त्यानेच.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही लाटांची तुलना करतो. कुणाची बोट चांगली यावर वर्षभर भांडण्यापेक्षा एक दिवस मोजून भांडावं, असं माझं मत पडलं. वेग सगळ्यांना सारखा, टाक्या भरलेल्या, आणि फळीवर मार्लिस व्हिक. मार्लिस शाळेची बस चालवते. तिला स्वतःची बोट नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. आणि प्रत्येक बोटीत त्याच कोपऱ्यात तोच ऑरिन. कागदावरचा चौथा नियम: 'कोपऱ्यात ऑरिन, ३६२ पौंड.' धान्याच्या कोठारावर मोठा काटा आहे, तिथे आदल्या आठवड्यात त्याचं वजन करायचो. एका वर्षी तो तीनशे अठ्ठावन्न भरला, तर मार्लिसने सलग तीन दिवस बटाट्याचा साय-चीज घातलेला हॉटडिश त्याच्या घरी पोचवला. शुक्रवारी तो बरोब्बर तीनशे बासष्ट भरला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हा यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही, मलाही नाही.

लाटांचा निकाल मार्लिस द्यायची, पण कान सगळ्यांचे ऑरिनकडे.

"डॉक्टरची लाट उंच आहे, पण घाईत आहे," तो म्हणायचा. डॉक्टर म्हणजे जनावरांचा डॉक्टर, निळ्या बोटीवाला. "पाद्रीबाबांची बुटकी, पण दमदार. शेवटपर्यंत ढकलते."

"आणि माझी?" मी विचारायचो.

"हार्लन, तुझ्या लाटेत फेसच जास्त. वळलास की ती तुला सोडून जाते."

"जाऊ दे. बायको गेली तेव्हा तरी मी कुठे अडवलं?"

"तिलाही फेसच आवडत नसेल," मार्लिस पाण्यातून ओरडायची. दिवस असा जायचा. चार तासांचं काम आम्ही दहा तास पुरवायचो.

गेल्या जानेवारीत ऑरिनच्या हृदयाने कुरकुर केली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं, शंभर पौंड उतरव, नाहीतर पुढच्या जानेवारीची वाट बघू नकोस. त्याने ऐकलं. लोणी सोडलं, बर्फातून चालला, मार्चमध्ये त्याची पँट दोरीने बांधलेली मी किराणा दुकानात पाहिली. काही बोललो नाही. आमच्याकडे माणसाच्या अंगाबद्दल बोलत नाहीत. एखाद्याचं घर जळालं, तर आम्ही 'काल तुमच्याकडे जरा धूर दिसला' इतकंच म्हणतो. मे महिन्यापर्यंत तो निम्मा दिसायला लागला आणि अख्खं तळं मूग गिळून बसलं.

या जूनमध्ये तो बोटीवर यायला लागला तो एक मोठी बर्फाची पेटी घेऊन. ती उचलायला दोन माणसं लागायची. पहिल्यांदा मी आणि पाद्रीबाबांनी उचलली.

"जेवण बरंच आणलंस," पाद्रीबाबा म्हणाले. ते कण्हत होते.

"भूक लागते," ऑरिन म्हणाला.

पेटी कोपऱ्यात, त्याच्या पायाशी. महिनाभर आम्ही ती चढवली, उतरवली. ती कुणी उघडली नाही. कोठाराच्या काट्याचा विषय यंदा कुणी काढला नाही.

तुलनेच्या दिवशी नवा माणूस होता, ट्रेंट. शहरातून आलेला, काळी कोरी बोट, स्वभावाने वाईट नाही. डॉक्टरांची फेरी झाली. लाट नेहमीसारखीच, बोटभरही फरक नाही. मग ट्रेंटची बोट निघाली. मी आणि ऑरिन तिच्यात, मार्लिस मागे फळीवर. ती काळ्या बोटीची लाट मी विसरणार नाही. उंच, लांब, काचेसारखी गुळगुळीत. मार्लिस तीन मिनिटं दोराशिवाय चालली आणि तिला काही करावंच लागलं नाही.

"अशी नाही पाहिली कधी," ऑरिन हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

ट्रेंट खुशीत आला. मार्लिसला वर घ्यायला बोट थांबवली, "हिला काहीतरी थंड देऊ या" म्हणत त्याने ऑरिनची पेटी उघडली. मला त्याचा हात धरता आला असता. मी धरला नाही.

आत शिशाच्या छऱ्यांच्या तीन पिशव्या. पन्नास, पन्नास आणि पंधरा पौंड. वर चिठ्ठी, ऑरिनच्या गोल अक्षरात: '२४७ + ११५ = ३६२.'

"आकडे जुळायला पाहिजेत ना," ऑरिन म्हणाला. त्याचे कानसुद्धा लाल झाले होते. "नाहीतर अकरा वर्षांचं मोजलेलं वाया जायचं."

"अहो, पण मग सगळंच शिसं का नाही वापरत?" ट्रेंट म्हणाला. "सात-आठ पिशव्या कोपऱ्यात टाकल्या की झालं. दर वेळी माणूस कशाला बसवायचा?"

त्याच्या मनात काही नव्हतं. प्रश्नही बरोबर होता. अशा पिशव्या आमच्याकडे पहिल्या वर्षापासून मिळतात. उत्तर माझ्याकडे होतं, मार्लिसकडे होतं, आणि आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसलो. याचा मला आजही स्वतःचा राग येतो. एक वाक्य बोलायचं होतं.

"बरोबर आहे त्याचं," ऑरिन म्हणाला. "मला धक्क्यावर सोडा."

आम्ही सोडला. पेटी ट्रेंटने आणि मी उचलून दिली, तो ती तिथेच ठेवून घरी गेला.

उरलेली तुलना शिशाने झाली; पेटीतल्या पिशव्यांना कमी पडलेल्या दुकानातून आणल्या. कोपऱ्यात पिशव्या, वर पट्टा. पाद्रीबाबांची लाट मोजली, माझी मोजली, कागद भरला. सगळे आकडे चोख. काळी पहिली, निळी दुसरी, पाद्रीबाबांची तिसरी, मी शेवटचा. पाऊण तासात आटोपलं. साडेअकराला आम्ही धक्क्यावर उभे आणि कुणाला कुणाशी भांडायचं सुचेना.

"मजा आली," डॉक्टर म्हणाले. आमच्याकडे असंच म्हणतात.

मार्लिसने फळी माझ्या पायावर आपटली, चुकून नाही. "त्याला हॉटडिश कोण नेऊन देत होतं रे? मी. आणि टाळ्या कोण वाजवत होतं? तू."

"आता काय करू म्हणतेस?"

"मला काय विचारतोस? फोन आहे ना तुझ्याकडे?"

रविवारी चर्च सुटल्यावर मी फोन केला. "ऑरिन, दुपारी मोकळा आहेस का?"

"हार्लन, मी आता दोनशे सत्तेचाळीस आहे. डॉक्टरीणबाई अजून तीस म्हणतात."

"वजनाचं कोण विचारतंय? मोकळा आहेस का?"

तो आला. इस्त्रीचा शर्ट, रिकामे हात. मार्लिस फळी घेऊन आधीच बसलेली. ऑरिनने बोटीत पाऊल टाकलं, मागच्या कोपऱ्यात शिशाच्या पिशव्या बघितल्या आणि तसाच उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग मी कुठे बसू?"

"कुठेही बस."

अकरा वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो आधी मधे बसला, उठला, इकडे तिकडे पाहिलं, आणि मग थेट पुढे जाऊन बोटीच्या नाकाशी, उजवीकडे बसला. बोटीतली लाटेसाठी सगळ्यात वाईट जागा. पुढे आणि उलट्या बाजूला एवढं वजन गेलं की मागे लाट उरतच नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी ते त्याच्या ध्यानात आलं नाही. बोट निघाली, वारा त्याच्या तोंडावर आला, त्याने टोपी काढून मांडीखाली दाबली आणि दोन्ही हात पसरून कठड्यावर ठेवले.

मागे लाट पार बसली. नुसतं खळबळलेलं पाणी. मार्लिस उभी राहिली, पडली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मी तिला घ्यायला बोट वळवली. नाकातोंडातून पाणी गळत होतं तिच्या. ऑरिनने पुढून मान वळवून विचारलं, "कशी आहे लाट? मला इथून दिसत नाही."

मार्लिसने माझ्याकडे पाहिलं आणि दोर पुन्हा हातात घेतला.

"चांगली आहे," ती म्हणाली. "तू बस तिथेच."