अण्णांनी नाकारलेलं लेबल

मल्लाप्पाअण्णा लेबल नेहमी खालून वर वाचायचे. जयसिंगपूरच्या एका छापखान्यात पाकिटांवरचा मजकूर तपासणं हे त्यांचं काम. शिवणाच्या सुईचं टोक एकेका अक्षरावर टेकवत ते वर सरकायचे. "वरनं वाचलं की डोळं लबाडी करत्यात, ताई. जे असायला पायजे तेच दिसतंय." छापून गेलेल्या चुकीची त्यांना इतकी धास्ती, की छपाईच्या मंजुरीची सही करण्याआधी ते अख्खा मजकूर तीनदा वाचायचे. छापखान्यातले हसायचे. मीही हसले आहे.

कोल्हापुरात आम्ही सहा जणी कांदा-लसूण मसाला करतो. नव्या पाकिटाचा मजकूर मी अण्णांकडे पाठवला आणि माझ्या कामांच्या यादीत 'लेबल'पुढे बरोबरची खूण केली. तासाभरात फोन आला.

"ताई, दोनशेच्या पुढं gms लिवलंय. चालत न्हाय. नुसता g. मागं s न्हाय, टिंब न्हाय."

"अहो अण्णा, बाजारात सगळे तसंच लिहितात."

"मग वजनमापंवाल्यांनी धरल्यावर बाजार येणार हाय व्हय सोडवायला? मी सही करणार न्हाय."

दुकानदारांची घाई होती. मी दुसरीकडून तशीच पाकिटं छापून घेतली, भरली, अकरा दुकानांत पोहोचवली.

आठवड्याने कळलं, वजनमापे निरीक्षक गावोगावची दुकानं तपासताहेत आणि कोडोलीत अशाच चुकीपायी एका लोणचेवालीचा सगळा माल जप्त झालाय. परवाना माझ्या एकटीच्या नावावर, पण चुली सहा. बोलणी खायची तयारी ठेवून अण्णांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "किती दुकानात गेलंय?"

दुसऱ्या सकाळी ते एसटीने हजर. टेम्पो ठरवून, दुकानांची यादी घेऊन आम्ही निघालो. कुठल्याही दुकानापुढे पांढरी जीप दिसली की निरीक्षकांचीच असेल म्हणून मी टेम्पो लांब थांबवायला लावायची. अण्णा तर देवाचं नाव पुटपुटायला लागायचे. दहा दुकानांतला माल परत घेतला, यादीत खुणा केल्या. अकरावं दुकान पेठ वडगावचं. आत निरीक्षक उभे होते आणि त्यांच्या हातात आमचंच पाकीट.

मी जागीच थांबले. अजून मागे वळता आलं असतं. अण्णा मात्र देवाचं नाव पुटपुटतच पुढे गेले. "साहेब, चूक आमची हाय. माल माघारी न्यायलाच आलोय की."

निरीक्षकांनी माझी यादी मागून घेतली, दहा खुणा पाहिल्या, टेम्पोत डोकावून पाहिलं. नोटीस दिलीच, पुढे दंडही झाला. पण माल जप्त केला नाही. मसाला नव्या पाकिटांत भरायला मुभा दिली. सहाही जणींचं काम टिकलं.

अण्णा त्याच वर्षी थंडीत गेले. त्या दिवशी परतताना टेम्पोत मी त्यांना विचारलं होतं, "सही तर तुम्ही नाकारली होती. मग 'आमची चूक' का म्हणालात?"

ते टोपीने घाम पुसत होते. "तुमची म्हटलं असतं तर तुम्ही एकट्याच भ्याला असता. मला रोजची सवय हाय, ताई."