सुनेचा ताप आणि अर्धा लिटर दूध

गेल्या जानेवारीत आमची सून एक दिवस मेलेली होती. त्या एका दिवसात तिने दोन वेळचा स्वयंपाक केला, पोरीला आंघोळ घातली आणि मला दोनदा सुनावलंसुद्धा.

देवळाली कॅम्पात आमचं घर गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीच्या भिंतीला लागून आहे. चाळीस वर्षं राहतेय, तिकडून अजून कोणी साखर मागायलाही आलेलं नाही. भुतांवर माझा विश्वास नाही. (येशूवर आहे, पण तो मुख्यतः रविवारी!)

सुनेचं नाव रेश्मा. पहिल्या बाळंतपणात मरता मरता वाचली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दोन वर्षं दुसरं नको. पुन्हा असं झालं तर मी वाचवू शकेन असं नाही." गोळ्या तिला सोसेनात. तेव्हा माझा मुलगा प्रवीण चर्चमधल्या वर्गाला बसून नैसर्गिक पद्धत शिकून आला. बाईने रोज उठल्याबरोबर अंगाचा ताप मोजायचा, शरीराच्या बाकी खुणा बघायच्या, तक्ता भरायचा आणि धोक्याच्या दिवसांत नवराबायकोने लांब राहायचं. ताप थोडा चढून तीन दिवस टिकला, की धोका टळला. डॉक्टरीणबाईंनीही तोच थर्मामीटर आणि तसाच तक्ता सांगितला. फरक एवढाच, की धोक्याच्या दिवसांत लांब राहा नाहीतर निरोधचं पाकीट वापरा, तुमची मर्जी.

"फादर पाकिटाला नाही म्हणतात," प्रवीण म्हणाला.

"फादरना बाळंत व्हायचंय का?" रेश्मा म्हणाली.

शेवटी चर्चचं चाललं. धोक्याचे दिवस आले, की प्रवीण उशी काखेत मारून बाहेरच्या खोलीत माझ्या खाटेशेजारी झोपायचा आणि उसासे टाकायचा. (आमच्या वेळी सोपं होतं. नवरा तोफखान्याच्या मेसमध्ये आचारी, सदा बाहेर. चार रजा, चार पोरं! आमचा तक्ता सरकार भरायचं.)

त्यात थंडीने माझं दही लागेना. साखरेच्या आजाराने बोटं बधिर झाल्यामुळे दूध किती कोमट आहे ते कळत नव्हतं. आईने शिकवलं होतं, विरजणाचं दूध अंगाइतकं कोमट हवं. मग अंगाचा ताप मोजायची वस्तू घरात असताना बोट कशाला बुडवायचं? रेश्मा सकाळी थर्मामीटर तोंडात धरायची, टिकटिकला की खिडकीत ठेवून पोरीकडे जायची आणि आकडा चहानंतर लिहायची. मधल्या वेळात मी तो उचलायची, धुवायची (मी काही अगदीच गावठी नाही!), बटण दाबून दुधात बुडवायची, अठ्ठ्याण्णव दिसलं की विरजण घालायची. मग पुन्हा धुवायची, जोरात झटकायची आणि जागेवर ठेवायची. काचेचा झटकला की विसरतो, तसा हा बटणाचाही विसरत असणार!

दही झकास लागलं. तीन दिवस तक्त्यावरही अठ्ठ्याण्णव लागलं.

"तीन दिवस चढलंय! धोका टळला!" प्रवीण उशी घेऊन आत गेला.

"बाकीच्या खुणा काही वेगळंच सांगतायत हो," रेश्मा म्हणाली. पण तोवर दार लागलं होतं.

चौथ्या दिवशी धुकं इतकं होतं, की भिंतीपलीकडचे क्रूससुद्धा दिसेनात. आतून कुजबुज आली. प्रवीण पांढराफटक होऊन बाहेर आला.

"आई, रेश्माचं अंग... थर्मामीटर त्र्याण्णव दाखवतोय. इतकं गार जिवंत माणसाचं नसतं."

"मग ती चहा कशी करतेय?"

"तेच तर!"

मी स्वयंपाकघरात डोकावले. रेश्मा पाठमोरी उभी, पदर डोक्यावरून, हलतच नव्हती. कडेवरची पोर रिकाम्या कोपऱ्याकडे बघून टाटा करत होती. रेश्माने मान वळवून विचारलं, "साखर घालू?" आणि भुताखेतांना न मानणारी मी आयुष्यात पहिल्यांदा चहा नको म्हणाले!

दिवसभर तिची सावली पडते का ते बघत बसले. धुक्यात माझीही पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला खुर्चीत बसवलं, मेणबत्ती लावली. प्रवीणने खिडकीतला थर्मामीटर उचलला आणि बटण दाबलं. तो त्याच्याच हातात होता, कोणाच्या अंगाला लागलेला नव्हता.

"एकशे सात!" प्रवीण किंचाळला. "हवेत ताप आहे, आई! खोलीत कोणीतरी आहे!"

मेणबत्ती विझली. पण एकशे सात कुठेतरी बघितल्यासारखं वाटलं. कुठे बरं?

"अगं बाई," मी म्हणाले, "हे माझं दूध! आज फार तापलं होतं."

कोणी हसलं नाही.

"हा आकडा धरून ठेवतो, आई. बटण दाबलं की शेवटचा दाखवतो," रेश्मा म्हणाली. मग हळूच, "काल पण?"

"काल दूध निवून गेलं होतं."

"आणि त्याआधीचे तीन दिवस?"

प्रवीण मटकन खाली बसला. धोका टळला म्हणून तो ज्याच्या भरवशावर आत गेला, तो ताप दुधाचा होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वाट बघा, तारीख टळली तर लगेच या. पुढचे दोन आठवडे त्या घरात भिंतीपलीकडच्यापेक्षा जास्त शांतता होती. रेश्मा पोटावर हात ठेवून बसली, की मी ताट बाजूला सारायची. तारीख आली आणि गेली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार करकरत उघडलं. रेश्मा दारात उभी, डोळ्यांत पाणी.

"आली," ती म्हणाली.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. बायका पाळी चुकल्याचे पेढे वाटतात, मी आल्याचे वाटले असते. पण शेजारी विचारतील काय!

"फादर काहीही म्हणोत," रेश्मा प्रवीणला म्हणाली, "यापुढे डॉक्टरीणबाईंचं." तो मान डोलावून पाकीट आणायला बाजारात गेला.

मी पुष्कळ विचार केला. फादरांच्या पद्धतीत नवरा, बायको आणि देव. डॉक्टरीणबाईंच्या पद्धतीत नवरा, बायको आणि पाकीट. सासूला दोन्हीकडे जागा नाही. तरी मी एक रात्र त्या दोघांच्या मध्ये होते, अर्धा लिटर दूध घेऊन!